पेटीवाल्याचा डावा हात : सांगलीतल्या एका मिडी कीबोर्ड खरेदीचं प्रकरण

गावभागात राहणारे एक पेटीमास्तर आणि विश्रामबागेत एका खोलीत रेकॉर्डिंग करणारा त्यांचा पुतण्या, या दोघांनी मिळून एकच मिडी कीबोर्ड कंट्रोलर, म्हणजे कॉम्प्युटरमधला आवाज वाजवायचा कीबोर्ड, घ्यायचं ठरवलं. पैसे निम्मे-निम्मे. मास्तरांचं आयुष्य पेटीवर गेलं : भजन, नाट्यगीतांच्या मैफली, शाळांची स्नेहसंमेलनं. तरुणपणी संगीत नाटकांना पायभात्याचा ऑर्गनही त्यांनी वाजवला आहे. पुतण्या गणपतीत बेंजो पार्टीबरोबर कीबोर्ड वाजवतो आणि उरलेलं वर्ष भक्तिगीतं, दुकानांच्या जाहिराती, निवडणूक लागली की प्रचाराची गाणी असं जे येईल ते रेकॉर्ड करतो. अशा खोल्यांमधली जोडणी करून देणं हे माझं काम, म्हणून मला मध्ये घेतलं. हे लिहायला दोघांचीही हरकत नाही, नावं मात्र नकोत. मास्तर म्हणाले, "नाव टाकू नका, नाहीतर सगळा गावभाग मशिन बघायला घरी येईल."

खरेदीला मुदत होती. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत नाटक उभं केलं त्याची ही आठवण, त्यामुळे या गावात त्या आठवड्यात कुठं ना कुठं नाट्यगीतं होतातच. अशाच एका कार्यक्रमाला मास्तरांची साथ ठरली होती आणि आयोजकांना ऑर्गनचा आवाज हवा होता. चालू स्थितीतला पायभात्याचा ऑर्गन आता मिळणं मुश्किल, मिळाला तरी तो टेम्पोत घालून नेणारे चार गडी मिळणं त्याहून मुश्किल. पुतण्याच्या लॅपटॉपवर ऑर्गनचा चांगला आवाज होता. प्रश्न फक्त तो वाजवायचा कशावर, एवढाच होता. निदान तेव्हा तसं वाटत होतं.

दोघांच्या मागण्या

मी दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं, कारण एकत्र बसले की पुतण्या बोलतो आणि मास्तर "हो, हो" म्हणतात.

पुतण्याची यादी लांब होती. पॅड, म्हणजे बोटाने ठोकायची रबरी बटणं, सोळा हवेत, निदान आठ. फिरवायचे नॉब आणि सरकवायचे फेडर हवेत. छोटा पडदा हवा. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरशी आपोआप जुळणारा हवा. दाबलेल्या पट्ट्यांचे सूर आपोआप एकामागून एक वाजवणारा आर्पेजिएटर, एका पट्टीत कॉर्ड, चुकीचा सूर लागूच न देणारा स्केल मोड. आणि एमपीई, म्हणजे प्रत्येक सूर वेगळा ओढायची सोय, असेल तर सोन्याहून पिवळं. त्याला हे सगळं तोंडपाठ होतं, कारण कंपन्या जाहिरातीत हेच सांगतात.

मास्तरांनी चारच गोष्टी सांगितल्या. पट्टी दाबली की सूर लगेच आला पाहिजे. पट्ट्या खडखडायला नकोत. लॅपटॉप बसला तर कार्यक्रम बसायला नको. आणि चौथी, "सूर सुरात पाहिजे बघा. त्या कॅसिओचा गंधार मला टोचतोय."

या चार मागण्यांतल्या सगळ्याच कंट्रोलरच्या नव्हेत, हे आधी दोघांना समजावून द्यावं लागलं. मिडी कंट्रोलरला स्वतःचा आवाज नसतो. तो फक्त आकडे पाठवतो : कुठली पट्टी दाबली, किती वेगाने दाबली, कधी सोडली. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेत नॅम या वाद्यव्यापाराच्या प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडून एकावर वाजवलं की दुसरा वाजतो हे दाखवण्यात आलं, आणि तीच भाषा आजही चालते. पट्ट्यांचे क्रमांक ० ते १२७. चॅनल सोळा. जुन्या पाच पिनांच्या केबलमधून सेकंदाला ३१,२५० बिट जातात. एक सूर लावण्याचा निरोप तीन बाइटचा, म्हणजे तो पोहोचायला जेमतेम एक मिलिसेकंद.

म्हणून मास्तरांची पहिली मागणी कंट्रोलरच्या खात्यातली नव्हतीच. सूर उशिरा येतो तो लॅपटॉपमुळे. आवाजाचे नमुने लॅपटॉप एकेक करून नव्हे, गठ्ठ्याने बाहेर सोडतो. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर ५१२ च्या गठ्ठ्याला साडेअकरा मिलिसेकंद लागतात, १२८ च्या गठ्ठ्याला तीनच्या आत. पुतण्याचा लॅपटॉप १०२४ वर होता, मिक्सिंगला तेवढा लागतो म्हणून. तिथं तेवीस मिलिसेकंद फक्त गठ्ठ्याचे, वर बाकीचं वेगळं. मास्तरांच्या द्रुत तानेत तेवढा उशीर टोचतो. गठ्ठा १२८ वर आणला आणि मास्तरांना त्याच जुन्या कीबोर्डवर वाजवायला बसवलं. म्हणाले, "आता ठीक." एक रुपयाही न खर्चता एक मागणी यादीतून गेली. उशिराचं खापर कीबोर्डवर फोडून नवा घेणारे आणि नव्यावरही पहिले पाढे पंचावन्न म्हणणारे लोक मी इतके बघितलेत, की आता कुठंही गेलो की आधी तो आकडा बघतो.

कोल्हापुरातल्या दुकानात

सांगलीत दुकानांत मिळतात ते बहुतेक स्वतःच्या आवाजाचे, स्पीकरवाले कीबोर्ड. नुसते कंट्रोलर हाताखाली घालून बघायचे तर कोल्हापूर गाठावं लागलं. तिथं मास्तरांनी जे केलं ते इतर कुणाला करताना मी बघितलेलं नाही. त्यांनी आवाज लावायला सांगितलाच नाही. यंत्र बंदच ठेवून पट्ट्यांवर ताना घेतल्या, कान पट्ट्यांजवळ नेऊन.

त्यांना दोन गोष्टी तपासायच्या होत्या. एक म्हणजे खडखड. हलक्या स्प्रिंगच्या प्लॅस्टिक पट्टीवरून बोट घसरून सुटलं की ती वर येऊन "टक" करते. एरवी ते कुणाच्या लक्षातही येत नाही, पण नाट्यगीताच्या मैफलीत गायकाचा माईक हातभर अंतरावर असतो आणि तो टक-टक पकडतो. दुसरी गोष्ट मला नवीन होती. पेटीवाल्याची बोटं पट्टीच्या टोकाला राहत नाहीत, काळ्या पट्ट्यांच्या मध्ये खोल शिरतात, कारण काळी दोन नाहीतर काळी चार हा षड्ज धरून गायचं म्हटलं की अंगठाही काळ्यांच्या रांगेत जातो. स्वस्त कंट्रोलरमध्ये पट्टीचा टेकू तिच्या मागच्या टोकालगत असतो. टोकाला दाबली तर लोण्यासारखी, खोल दाबली तर दगड. मास्तर एकाच पट्टीवर पुढून मागं बोट सरकवत दाबत गेले आणि तीन यंत्रं त्यांनी तिथंच बाजूला सारली. त्यांतल्या एकावर सोळा पॅड होते. पुतण्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

छोट्या पट्ट्यांचे, पिशवीत मावणारे कंट्रोलर मास्तरांनी हातातही घेतले नाहीत. पियानोसारख्या जड, हातोडीवाल्या पट्ट्याही नको म्हणाले. त्या पट्टीची खोली साधारण दहा मिलिमीटर, आणि पेटीच्या उथळ पट्टीवर घडलेलं बोट तिथं तळापर्यंत जाता जाता दमतं. उरल्या मधल्या, म्हणजे स्प्रिंगबरोबर थोडं वजन असलेल्या. वजन कशाला असं पुतण्याने विचारलं, तर उत्तर दुकानदाराने दिलं : ती खाली जाताना आणि वर येताना आवाज कमी करते.

पट्ट्या किती, हा प्रश्न मास्तरांच्या लेखी नव्हताच. पेटी साडेतीन सप्तकांची, पट्ट्या बेचाळीस. "सदतीसची चालेल, एकोणपन्नास म्हणजे चैन," असं ते म्हणाले. ही गोष्ट पुढं उलटली. दुकानदाराने एकोणपन्नास पट्ट्यांचा एक कंट्रोलर चार दिवस घरी वापरून बघायला दिला. ओळखीचा माणूस असला की आपल्याकडं हे जमतं.

लंगडा अलंकार

घोडं अडलं ते घरी आल्यावर. पुतण्याने लॅपटॉपवर ऑर्गन न लावता पेटीचा नमुना-आवाज लावला, काकांना ओळखीचं वाटावं म्हणून. मास्तरांनी साधा अलंकार वाजवला, सारेग, रेगम, गमप. बोटं नेहमीसारखी स्वच्छ पडत होती. ऐकू येत होतं ते भलतंच : एक सूर मोठा, पुढचा दबका, मग पुन्हा मोठा. मास्तर थांबले. "हे माझं वाजवणं नाही. एवढं लंगडं मी वाजवत नाही."

रेकॉर्ड झालेले आकडे पडद्यावर उघडून बघितले. अंगठ्याने घेतलेले सूर शंभराच्या आसपास, अनामिकेचे पन्नास-पंचावन्न. मिडी कीबोर्डच्या पट्टीखाली दोन संपर्क असतात. पहिला जुळल्यापासून दुसरा जुळेपर्यंत किती वेळ गेला ते मोजून यंत्र १ ते १२७ मधला एक आकडा ठरवतं, आणि त्यावर आवाज लहान-मोठा होतो. पियानो वाजवणारा हे आकडे सारखे ठेवायला लहानपणापासून शिकतो. पेटीवाला कशाला शिकेल? पेटीची पट्टी हलकी दाबा नाहीतर ठोसा मारा, सूर तेवढाच. लहान-मोठं करायचं काम भात्याचं, म्हणजे डाव्या हाताचं.

तेव्हा मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघितलं. तो कीबोर्डच्या मागच्या कडेवर जाऊन बसला होता आणि बोटं मिटत-उघडत होती. तिथं भाता नव्हता.

या प्रकरणाचं मूळ मला इथं सापडलं. संगीतकारांना कंट्रोलरमध्ये काय हवं असतं याबद्दल जेवढं बोललं जातं ते पियानोच्या, सिंथच्या, नाहीतर पॅडवर ठेका धरणाऱ्याच्या हाताचं बोलणं असतं. आपल्याकडे कीबोर्डवर बसणाऱ्यांत पेटीवरून आलेले हात पुष्कळ आहेत. भजनी मंडळात पेटी, मग ऑर्केस्ट्रात कीबोर्ड, हीच वाट असते. अशा माणसाला सॉफ्टवेअर जुळतं का, पडदा केवढा आहे, हे नंतर विचारायचं. आधी विचारायचं, उजव्या हाताला एकसारखा जोर मिळेल का, आणि डाव्या हाताला भाता कुठं देणार?

पहिला भाग सोपा निघाला. पट्टीचा वेग न मोजता कायम एकच आकडा पाठवायची सोय बऱ्याच कंट्रोलरमध्ये असते. ती लावली, आकडा शंभर ठेवला, अलंकार सरळ झाला. जोडीला आफ्टरटच बंद केला. पट्टी दाबलेली असताना आणखी जोर दिला की आवाजात कंप आणायची ही सोय पुतण्याला आवडते, पण मास्तर लांब सुरावर सवयीने बोट रोवतात आणि ऑर्गन उगाच थरथरायला लागतो.

भात्याला मात्र वेळ लागला. आवाजाच्या चढउतारासाठी मिडीत कंट्रोल क्रमांक ११ ठरलेला आहे. कीबोर्डच्या डाव्या कडेला दोन चाकं असतात, एक सूर वर-खाली ओढणारं आणि एक सोडलं तरी जागच्या जागी राहणारं. दुसऱ्या चाकाला ११ क्रमांक दिला. मास्तरांनी दोन नाट्यगीतं वाजवली आणि हात झटकला. भात्याला हात मनगटापासून पुढं-मागं झुलतो, त्या चाकाला अंगठ्याच्या टोकाने कोरत बसावं लागतं. फेडर करून बघितला. तो लांब असतो, पण या यंत्रावर तो उजवीकडं वरच्या अंगाला होता, म्हणजे डावा हात उजव्याच्या वरून न्यायचा. पाठीला रग लागली.

पाय

पेडलची कल्पना मास्तरांचीच. ती त्यांनी मागणी म्हणून सांगितलीच नव्हती, कारण असं काही जोडता येतं हे त्यांना माहीत नव्हतं. पुतण्याच्या जुन्या सामानात एक एक्स्प्रेशन पेडल, म्हणजे पायाने आवाज कमी-जास्त करायचं पेडल, पडलेलं दिसलं आणि ते म्हणाले, "हे ऑर्गनचंच दिसतंय की."

कंट्रोलर निवडताना इथं एक बारीक गोष्ट आडवी येते. मागच्या बाजूला पेडलचं एक भोक तर बऱ्याच जणांना असतं, पण बहुतेक लहान कंट्रोलरवर ते सस्टेनचं, म्हणजे पट्टी सोडल्यावरही सूर टिकवायचं असतं, चालू-बंद एवढंच. हळूहळू सरकणारा आकडा त्यातून जात नाही. एक्स्प्रेशनचं वेगळं भोक लागतं, आणि त्यातही पेडलची आतली जोडणी कंपनीगणिक वेगळी असते. एकाचं पेडल दुसऱ्याच्या कीबोर्डला लावलं तर उलटं चालतं किंवा मधेच उडी मारतं. नशिबाने इथं जोडी जमली.

जमली, पण पहिल्या गाण्यातच ऑर्गनला उचक्या लागल्या. मास्तरांचा पाय भाता मारत होता : खाली, वर, खाली, वर. पेडल म्हणजे भाता नव्हे. भात्याच्या जोडीला आत स्प्रिंगची कोठी असते, ती हवेचा दाब सारखा ठेवते. पाय वर आला तरी आवाज लगेच पडत नाही. पेडलचा पाय वर आला की ११ क्रमांकाचा आकडा शून्यावर जातो आणि आवाज जागच्या जागी मरतो. पुतण्या म्हणाला, "काका, पाय दाबून ठेवा, हलवू नका." मास्तरांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. पाय थांबला की त्यांची लयच थांबायची.

चाळीस वर्षांचा पाय बदलण्यापेक्षा आकडे बदलणं स्वस्त. पेडलचा तळ शून्याऐवजी ७० वर आणला, म्हणजे पाय पूर्ण वर आला तरी आवाज बऱ्यापैकी उरतो. मग सॉफ्टवेअरमध्ये त्या आकड्याला थोडी सुस्ती दिली. आकडा झटक्यात न बदलता अर्ध्या सेकंदात हळूहळू बदलतो. ती कोठीची जागा झाली. मास्तर भाता मारत राहिले आणि आवाज लाटेसारखा थोडा फुगत, थोडा ओसरत राहिला. संगीत नाटकाच्या ऑर्गनला तो तसाच असायचा, असं त्यांचं म्हणणं.

याचा एक परिणाम आमच्यापैकी कुणीच धरला नव्हता. पाय भात्यावर गेला तसा डावा हात मोकळा झाला आणि आपोआप पट्ट्यांवर आला. खर्जातला षड्ज-पंचम, अधूनमधून उजव्या हाताच्या चालीला खालच्या सप्तकातून साथ. मास्तर पेटीवाल्याचे ऑर्गनवाले झाले, आणि एकोणपन्नास पट्ट्या दोन्ही हातांना अपुऱ्या पडायला लागल्या. चार दिवसांपूर्वी ज्यांना सदतीस पुरत होत्या त्यांनी फोन करून सांगितलं, "एकसष्टची बघा." पुतण्याची पहिली प्रतिक्रिया होती की तो दुचाकीवर कसा न्यायचा.

मींड कुणाला हवी होती

पुतण्याच्या यादीतली एमपीई इथं निकालात निघाली. या पद्धतीत प्रत्येक सुराला वेगळा चॅनल मिळतो, त्यामुळे एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांतला एकच सूर बोटाने ओढता येतो. २०१८ साली ती मिडीच्या नियमांत आली. पुतण्याची समजूत अशी की काकांना मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरणं, हवी असणार, शास्त्रीय वाजवतात म्हणजे. मास्तरांना विचारलं तर म्हणाले, "पेटीत मींड कुठं असते?" पेटीवाला मींड ओढत नाही. कणस्वर, झटक्यात जोडलेले सूर, भात्याचा दाब यांनी तिचा भास उभा करतो. त्यांची सगळी तालीम तो भास उभा करण्याची. खरी मींड हातात दिली तर ते तिचं काय करणार?

पण पुतण्याला स्वतःला सनईच्या, बासरीच्या आवाजासाठी सूर ओढायला लागतो, आणि त्यासाठी साधं चाक पुरतं, फक्त ते चाक नीट तपासून घ्यावं. मिडीत या चाकाला १६,३८४ पायऱ्या ठेवलेल्या आहेत, पण स्वस्त यंत्रांत प्रत्यक्षात १२८ च पायऱ्या पाठवणारीही असतात. चाकाची ओढ मुळातली दोन अर्धस्वर वर आणि दोन खाली एवढीच ठेवली, तर १२८ पायऱ्यांत एकेक पायरी तीन सेंटची (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) होते, ती कानाला कळत नाही. सनईची लांब मींड घ्यायची म्हणून ओढ बारा अर्धस्वरांची केली, की तीच पायरी जवळजवळ एकोणीस सेंटची होते आणि मींड जिन्यावरून उतरल्यासारखी ऐकू येते. दुकानात चाक सावकाश फिरवत पडद्यावर आकडे बघितले की लगेच कळतं. माहितीपत्रकात हे लिहिलेलं माझ्या बघण्यात नाही.

टोचणारा गंधार

मास्तरांची चौथी मागणी मी शेवटी ठेवली होती, कारण ती मागणी या जिल्ह्यात शंभर वर्षांहून जुनी आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या बारीक सूरभेदांच्या, मोजमापावर १९१० साली पुस्तक काढलं. आयसीएस अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्याबरोबर त्यांनी श्रुती वाजवणारी पेटी करवून घेतली, आणि प्रयोगांना किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची साथ होती, ज्यांनी पुढं मिरजेत घर केलं. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती पेटी मांडली गेली, पण जमलेल्या जाणकारांनी ती मान्य केली नाही. पुढं १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने पेटीच बंद ठेवली. तेव्हा मास्तरांना गंधार टोचतो यात नवल काही नाही. नवल असलंच तर ते याचं, की आता त्यावर इलाज बसल्या जागी होतो.

शेजारच्या घरून मिरजेचा तंबोरा आणला, काळी एकला लावलेला. ऑर्गनवर शुद्ध गंधार धरून ठेवला आणि तिघेही गप्प बसलो. सूर स्थिर राहत नव्हता, सेकंदाला पाच-साडेपाच लाटा येत होत्या. तंबोऱ्याच्या जोडीच्या, म्हणजे षड्जाच्या, तारेच्या पोटात जो गंधार आपोआप बोलतो तो षड्जापासून ३८६ सेंटवर असतो, कीबोर्डचा ४०० वर. चौदा सेंटचा फरक. सॉफ्टवेअरमध्ये गंधार चौदा सेंटने खाली घेतला आणि लाटा थांबल्या. मग धैवत सोळाने खाली, निषाद बाराने खाली, कोमल गंधार सोळाने वर, कोमल धैवत चौदाने वर. मास्तर एकेका सुराला मान हलवत गेले. कोमल निषादावर मात्र आमचं जमेना. राग बदलला की तो बदलतो, त्यामुळे तो आहे तसाच सोडला.

आता हे काम आवाजाच्या सॉफ्टवेअरचं, कंट्रोलर फक्त पट्टीचा क्रमांक पाठवतो, असं मी आधी म्हणालो होतो. तरी कंट्रोलर यात येतोच. हे सगळे सेंट षड्जापासून मोजलेले. काळी एकला बसवलेला तक्ता पांढरी चारच्या गायकाला लावला तर आधी टोचत होतं ते बरं म्हणायची पाळी. कार्यक्रमात गायक तीन, प्रत्येकाचा षड्ज वेगळा, आणि दोन गाण्यांच्या मध्ये निवेदकाची चार वाक्यं. तेवढ्या वेळात माऊस घेऊन लॅपटॉपमध्ये कोण शिरणार?

इथं पुतण्याचे पॅड कामाला आले. पॅड दाबल्यावर ठेक्याऐवजी "अमुक क्रमांकाचा आवाज लाव" असा निरोप पाठवता येतो. चार पॅडना एकेका षड्जाचा तक्ता दिला आणि वर पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनाने लिहिलं : का१, पां४, का४, का५. ज्या पॅडना मास्तर दुकानात "हे फुगे कशाला" म्हणाले होते, तेच त्यांनी कार्यक्रमात सगळ्यात जास्त वापरले. माझ्या मते चाल आणि षड्ज-पंचमापुरत्या साथीला हे ट्यूनिंग उत्तम. पुतण्याच्या सिनेगीतांतल्या कॉर्डना ते लावू नये, तिथं ते फसतं.

लॅपटॉप बसला तर

राहिलं पर्यायाचं. मास्तरांकडचा जुना कीबोर्ड पाच पिनी मिडीचा आहे. लॅपटॉप बंद पडला तर कंट्रोलरने तोच कीबोर्ड वाजवावा, अशी योजना. यूएसबी केबलने हे होत नाही, कारण दोन्ही यंत्रं कॉम्प्युटरची वाट बघत बसतात. कंट्रोलरला पाच पिनांचं आउट लागतं, आणि नव्या कंट्रोलरमधून तेच पहिल्यांदा गाळलं जातं. शिवाय कंट्रोलरला वीज लॅपटॉपमधूनच येते, ती गेली की काय? पॉवर बँक लावून बघितली. थोड्या वेळात ती आपणहून झोपली, कारण कंट्रोलर इतकी कमी वीज घेतो की तिला वाटतं काही जोडलेलंच नाही. शेवटी मोबाईलचा साधा चार्जर आणि लांब केबल.

जे घेतलं ते असं : एकसष्ट मध्यम वजनाच्या पट्ट्या, एक्स्प्रेशनचं वेगळं भोक, पाच पिनी आउट, आठ पॅड, पडदा जेमतेम दोन ओळींचा. आर्पेजिएटर नाही. पुतण्याला वाईट वाटलं, पण निम्मे पैसे काकांचे. कार्यक्रमाच्या आधी ध्वनी तपासताना स्पीकरमधून घूं-घूं यायला लागली, लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर थांबली. मग लॅपटॉप बॅटरीवरच चालवला आणि मध्यंतरात चार्ज केला. जुना कीबोर्ड पर्याय म्हणून जोडून ठेवला होता, त्याची वेळ आली नाही.

आता यंत्र आठवड्यातले बरेच दिवस विश्रामबागेत असतं. त्यात दोन नोंदी साठवल्या आहेत. एकीत पट्टीचा जोर कायम शंभर आणि पेडल सत्तरपासून, दुसरीत पुतण्याला हवा तसा वेग मोजणारा आणि पेडल शून्यापासून. नोंद बदलायला विसरलं की दुसऱ्याला फोन येतो. मधे पुतण्याने विचारलं, २०२० साली मिडीची नवी आवृत्ती आली, तीत पट्टीच्या वेगाला सोळा बिट आणि कंट्रोलला बत्तीस बिट आहेत, आपण थांबायला हवं होतं का? मी त्याला सांगितलं की त्याचा फायदा मिळायला कंट्रोलर, कॉम्प्युटर आणि आवाजाचं सॉफ्टवेअर या तिघांनाही ती यावी लागते, आणि त्याच्या खोलीत सध्या एकालाही येत नाही. मास्तर ऐकत होते. त्यांनी विचारलं, "त्यात कोमल निषाद रागाप्रमाणं बदलतो का?" सुरागणिक वेगळी ओढ देता येते, म्हणजे बदलवता येईल, असं मी म्हणालो. पण तो राग कुठला, हे यंत्राला कुणीतरी सांगावं लागेल. "मग पॅड आहेत की चार रिकामे," मास्तर म्हणाले. पुतण्या म्हणाला, ते चार त्याचे आहेत.